बंद पडणारा कॅमेरा आणि तर्कशास्त्र

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ साली उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. इंदापूरकडील डाळिंबाच्या बागेत यंत्राने फळाचा आकार व अंतर मोजायचे, तर डेप्थ कॅमेरा उपयोगी पडतो. तो रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या लिनक्स संगणकाला यूएसबीने जोडता येतो. मात्र चालता चालता चित्र थांबले, की ‘कॅमेराच खराब’ असा निष्कर्ष काढला जातो आणि शेतकऱ्यावर नव्या कॅमेऱ्याचा भुर्दंड बसतो.

तर्कशास्त्रात आपण मिलची व्यतिरेक पद्धती शिकतो. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. तीच येथे वापरावी.

प्रथम वीज. रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच प्रवाह मिळतो. ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन ‘अंडरव्होल्टेज’ अशी नोंद दिसली, तर मोबाइलचा चार्जर काढून ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा द्यावा. तरीही चित्र थांबल्यास स्वतंत्र वीज असलेला हब लावावा. नंतर केबल बदलावी. ती आखूड, यूएसबी ३ ची असावी व निळ्या पोर्टमध्ये लावावी. मग चित्राचा आकार व वेग कमी करून पाहावा. शेवटी मेमरी. लिनक्समध्ये यूएसबीएफएसची मूळ मर्यादा १६ मेगाबाइट असते. काही कॅमेऱ्यांना ती अपुरी पडते, पण वाढवता येते.

दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर बिघाड जाईल, पण कारण कळणार नाही. तोच कॅमेरा दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या केबलनेही थांबला, तरच दोष कॅमेऱ्याचा मानावा.