रक्तदाबाचे दोन आकडे



पाड्यांवरील आरोग्य तपासणीत मला हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" रक्तदाबाच्या बाबतीत हाच विचार घातक ठरतो. बीपी वाढले तरी बहुधा काही दुखत-खुपत नाही; आत मात्र मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि डोळे यांच्या रक्तवाहिन्यांना इजा होत राहते. म्हणून कसे वाटते यावर न जाता आकडे पाहावेत.

समजा, कार्डावर १३०/८४ लिहिले आहे. वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते तेव्हाचा दाब. खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हाचा. प्रौढांमध्ये १२०/८० च्या आतला दाब चांगला. वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक असेल, तर तो उच्च रक्तदाब. दोहोंपैकी एक वाढला तरी पुरे. मधले आकडे सावध राहायला सांगतात.

मात्र एकाच मोजणीवर शिक्का मारू नये. डोंगर चढून आल्यावर, चहा-तंबाखूनंतर लगेच मोजले तर आकडा वाढीव येतो. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, बोलू नये. मिनिटभराने पुन्हा मोजावे आणि दुसऱ्या दिवशीही खात्री करावी.

दोन प्रसंगी मात्र वाट पाहू नये. दाब १८०/१२० च्या घरात असून छातीत दुखणे, धाप, जीभ अडखळणे किंवा एक बाजू लुळी पडणे असे काही दिसले, तर १०८ ला फोन करावा. गरोदर स्त्रीचा दाब १४०/९० किंवा जास्त आला, तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

गोळ्या सुरू असताना आकडा उतरला, तर आजार गेला असे समजू नये. गोळी काम करीत आहे एवढाच त्याचा अर्थ. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. दिवसभराचे मीठ, लोणचे, पापड व खारी सुकी मासळी धरून, एका छोट्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये बसवावे.

येत्या रविवारी मंडळीतील वडीलधाऱ्यांना त्यांचे दोन आकडे विचारा. ठाऊक नसतील, तर त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात सोबत घेऊन जा.