दाराशी बांधलेला कुत्रा व त्याची सावली

अलिबागेपासून श्रीवर्धनपर्यंत समुद्रकाठाने जाणाऱ्या प्रवाशास नारळी-पोफळीची वाडी, वाडीत विहीर, विहिरीपलीकडे घर आणि घराच्या अंगणात एखादा कुत्रा, हे चित्र पदोपदी दिसते. वाडीचे शिंपण, झाडांची निगा, गुरांचे दाणापाणी यांविषयी आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस पुष्कळ ज्ञान असते. गुरांकरिता गोठा असतो, कोंबड्यांकरिता खुराडे असते. कुत्र्याकरिता मात्र बहुधा एक खुंटा व एक साखळी एवढीच तरतूद असते. तो आपली सावली पाहून कोठेतरी बसेल, असे आपण धरून चालतो. मोकळ्या कुत्र्याच्या बाबतीत ही समजूत खरी आहे. बांधलेल्याच्या बाबतीत ती खरी नाही. या दोहोंतील भेद कोणता व त्यामुळे आपल्यावर कोणते कर्तव्य येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एखाद्या मोकळ्या कुत्र्याचे दिवसभर निरीक्षण करावे. सकाळी तो ओट्याच्या पायरीपाशी पहुडलेला असतो. ऊन पायरीवर आले की तो उठतो व घराच्या वळचणीस जातो. दुपारी विहिरीजवळच्या ओल्या मातीत किंवा पाटाच्या काठी तो सापडतो. तेथे पंजांनी माती उकरून, वरचा तापलेला थर दूर सारून, खालच्या गार मातीस पोट टेकून तो बसतो. कलत्या उन्हात तो आणखी कोठे फणसाखाली जातो. अशा पाच-सहा जागा तो एका दिवसात बदलतो. हे शास्त्र त्यास कोणी शिकविलेले नसते. सावली सरकते तसा तो सरकतो, एवढेच. पण त्यास खुंट्याला बांधला म्हणजे सावली पुढे निघून जाते आणि तो मागे उन्हात राहतो. यास्तव ज्या क्षणी आपण साखळी अडकवितो, त्या क्षणी सावली शोधण्याचे त्याचे काम आपल्या माथी येते.

हे काम किती महत्त्वाचे आहे, हे कळण्यास कुत्र्याच्या शरीराची थोडी माहिती हवी. मनुष्यास सर्वांगी घाम येतो व तो वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. कुत्र्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. त्यांचा उपयोग अल्पच. त्याचा खरा आधार म्हणजे धापणे. जीभ बाहेर काढून तो जलद श्वास घेतो, त्यामुळे तोंडातील व नाकातील ओलाव्याची वाफ होते आणि रक्त निवते. परंतु समुद्रकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. ज्या दिवशी आपली दोरीवरची धोतरे लवकर वाळत नाहीत, त्या दिवशी कुत्र्याच्या जिभेवरचा ओलावाही लवकर वाळत नाही, हे ध्यानात ठेवावे. देशावर पारा अधिक चढतो खरा. तथापि किनाऱ्यावर पारा थोडा खाली असला तरी कुत्र्याचे हाल कमी होतात, असे मुळीच नाही. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांवर गेले म्हणजे जिवावर बेतते.

येथे स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन थडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर असून झोत १२० पर्यंत जात होते. मुरूड-श्रीवर्धनकडील वाड्यांत नारळ, पोफळी व आंबे यांचा अक्षरशः सडा पडला. आमच्या अंगणातील जुने कलमही त्या दिवशी मुळासकट गेले. या कलमाखाली आमचा मोत्या बांधलेला असे. पुढच्या वर्षी मे महिन्यातही तो तेथेच बांधला जात होता. खुंटा तोच, साखळी तीच, फक्त वर झाड नव्हते. त्याऐवजी आम्ही चार खांबांवर एक पत्रा बसविला होता व आपण त्याची सोय केली, असे समजून स्वस्थ होतो. एके दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी बाहेर आलो तो मोत्या पत्र्याखाली आडवा पडला होता. पाण्याचे भांडे पालथे झाले होते, तोंडातून चिकट लाळ गळत होती, हिरड्या लालभडक झाल्या होत्या, आणि हाक मारली तरी शेपूट हलेना. वडिलांनी त्यास उचलून विहिरीपाशी नेले व अंगावर कळशीमागून कळशी ओतली; मी सुपाने वारा घालीत होतो. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. मग त्यास पशुवैद्यकाकडे नेले. तो वाचला. परंतु त्या पत्र्याखाली तो पुन्हा कधीही गेला नाही. त्या रात्री आजी एवढेच म्हणाली, “झाडाचा पंचनामा करून घेतलात, त्याखालच्या मुक्या जिवाचा कोणी केला?” या प्रश्नाने आम्हांस सावलीचा अभ्यास करावयास लावले.

आमची पहिली चूक सूर्याविषयीची होती. अलिबागचे अक्षांश उत्तर १८ अंश ३८ कला आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. आपल्या घड्याळात ती वेळ दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमाराची असते. तेव्हा उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. तेथून जुलैच्या अखेरपर्यंत मध्याह्नीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो. हिवाळ्यात घराच्या उत्तरेस जी लांबरुंद सावली पडते, ती ऐन मे महिन्याच्या दुपारी वळचणीपुरतीही धड उरत नाही. यावरून हे उघड होते की, मध्याह्नी सावली केवळ डोक्यावरील आच्छादनाचीच मिळते. भिंतीची मिळत नाही. उलटपक्षी तीन वाजल्यानंतर सूर्य पश्चिमेस कलतो व किरण आच्छादनाखालून तिरपे आत शिरतात. त्या वेळी पश्चिमेस आडोसा नसेल तर डोक्यावरील छप्पर व्यर्थ होय.

येथे आपल्या किनाऱ्यापुरती एक विशेष अडचण उत्पन्न होते. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते आणि समुद्राचा गार वाराही तिकडूनच येतो. पश्चिमेस भिंत घातली तर ऊन अडते, पण वाराही अडतो. आणि वाऱ्यावाचून सावली म्हणजे कोंडवाडाच. यास आपल्या पूर्वजांनी काढलेली तोड फार उत्तम आहे. ती म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. पश्चिमेस झाप टांगून त्याची खालची कड जमिनीपासून हातभर वर ठेवली, तर किरण अडतात व वारा खालून आणि विणीतून खेळता राहतो.

दुसरी चूक पत्र्याविषयीची. पातळ पत्रा उन्हात झपाट्याने तापतो व तीच उष्णता खाली फेकतो. ठेंगण्या पत्र्याखाली बसलेला प्राणी उन्हात नसला तरी तव्याखाली असतो. झाडाची गोष्ट निराळी आहे. पानांतून सतत बाष्प बाहेर पडत असल्याने पाने स्वतः तापत नाहीत, आणि अनेक थरांमुळे किरण खालपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून आंबा, फणस, करंज, उंडी किंवा बदाम यांची दाट सावली सर्वांत श्रेष्ठ होय. सुरूची सावली विरळ असते. नारळाची सावलीही विरळच. शिवाय वरून नारळ अथवा झावळी पडण्याचे भय असल्याने त्याखाली कुत्रा कधीही बांधू नये. कण्हेर विषारी असल्यामुळे कुत्र्याच्या तोंडास लागेल अशा ठिकाणी ती नसावी.

झाड नसल्यास मांडव घालावा. पोफळीचे खांब, त्यांवर बांबूंचे वासे, वासांवर झापांचे दोन थर, आणि सर्व काथ्याने आवळलेले, एवढ्याने काम भागते. मांडव माणसास ताठ उभे राहता येईल इतका उंच असावा. पत्राच वापरणे भाग असेल तर त्यावर थोडे अंतर सोडून झाप पसरावेत, म्हणजे मधल्या हवेमुळे ताप कमी होतो. कुत्र्यास चारी पाय पसरून निजता येईल, आणि साखळीच्या टोकापर्यंत गेला तरी सावलीतच राहील, एवढी जागा प्रत्येकास हवी. खाली फरशी किंवा सिमेंट नसून माती असावी व ती दुपारी शिंपडावी. त्याने खड्डा उकरला तर त्यास रागावू नये. तो त्याचा गारवा आहे. पाण्याचे भांडे जड, मातीचे व सावलीत ठेवलेले असावे. पाचोळा मात्र वरचेवर झाडावा, कारण त्यात गोचीड वाढते. पावसाळ्यात झापांचा मांडव निरुपयोगी होतो. तेव्हा उंच जोत्यावर कौलारू निवारा पाहिजे. आणि कुंपण धड असेल, तर साखळीच नको, हा सर्वांत सोपा उपाय आहे.

कुत्र्यास उष्माघात झाल्यास आधी गारवा द्यावा व मग पशुवैद्यकाकडे न्यावे. सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे व वारा घालावा. ओले फडके गुंडाळून ठेवू नये. ते लवकरच तापते व वारा अडविते. शुद्धीवर असल्यास पाणी पुढे ठेवावे, परंतु बळेच पाजू नये. लठ्ठ, वृद्ध, दाट केसांचे व चपट्या नाकाचे कुत्रे आपल्या गावठी कुत्र्यांपेक्षा लवकर घायाळ होतात.

हा केवळ दयेचा विषय आहे, असेही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील ११ व्या कलमानुसार मालकाने प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे, हे अपराध होत.

विद्यार्थिमित्रहो, उन्हाळ्याची सुटी जवळ आली आहे. घरी गेल्यावर एक सोपा प्रयोग करावा. कुत्रा बांधण्याच्या जागी सकाळी आठपासून सायंकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी सावलीच्या कडेवर एकेक खुंटी ठोकावी व तिच्यावर वेळ लिहावी. सायंकाळी त्या खुंट्या पाहिल्या म्हणजे सावली कोठून कोठे गेली व कुत्रा किती तास उन्हात राहिला, ते एका दृष्टीत कळेल. हाच प्रयोग हिवाळ्यात पुन्हा करावा. एका ऋतूची मोजणी दुसऱ्यास लागू पडत नाही. आम्ही खुंट्या ठोकल्या तेव्हा मोत्याची जागा दुपारी बारा ते पाच सावलीबाहेर किंवा तापलेल्या पत्र्याखाली होती, असे आढळले. आता तेथे नवे कलम लावले आहे. ते अद्याप कमरेइतकेच आहे, म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही त्याच्या शेजारी मांडव घालतो. झाड वाढविणे हे दहा वर्षांचे काम आहे; मांडव घालणे हे एका सकाळचे. दोन्ही कामे एकाच दिवशी आरंभावीत, एवढेच सांगून हा लेख पुरा करतो.