आठवी ग्रेड झाली, पुढे काय?

दहावीचा निकाल लागतो, अकरावीच्या प्रवेशाचे फॉर्म सुरू होतात आणि माझा फोन तापतो. इंजिनिअरिंग-मेडिकलवाले नेहमीचेच. त्यांच्यात अलीकडे एक नवा प्रश्न मिसळला आहे. तो सावेडीतून येतो, संगमनेरहून येतो, श्रीरामपूर-कोपरगावहूनही येतो. "मॅडम, मुलगी पियानो शिकते. पाचवी ग्रेड झाली. आठवी झाली की बाहेर स्कॉलरशिप मिळते म्हणतात. मग सायन्स घ्यायचं की सोडायचं?" काही जण तर म्युझिक प्रॉडक्शनच्या कुठल्याशा कोर्सला लाखभर रुपये आगाऊ भरून मग सल्ला विचारायला येतात.

उत्तर आधीच सांगून टाकते. आठवी ग्रेड म्हणजे नोकरी नव्हे आणि पदवीही नव्हे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या प्रवेशात सहावी ते आठवी ग्रेडला थोडे गुण मोजले जातात, हे खरं. पण संगीतासाठीची स्कॉलरशिप त्या कागदावर मिळत नाही. ती ऑडिशन देऊन मिळवावी लागते, आणि तिथे लहानपणापासून रोज तासन् तास वाजवणारी मुलं रांगेत असतात. तेव्हा पाचव्या ग्रेडवरून अकरावीची शाखा ठरवू नका. सायन्स झेपत असेल तर घ्या, नसेल तर आर्ट्स-कॉमर्स घ्या. पियानोला त्याने काहीही फरक पडत नाही.

आता या ग्रेडबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण फी भरणाऱ्या बहुतेकांना परीक्षेत काय असतं हेच ठाऊक नसतं. आपल्याकडे मुख्यतः लंडनच्या दोन मंडळांच्या परीक्षा चालतात, ट्रिनिटी कॉलेज आणि एबीआरएसएम. एबीआरएसएमची प्रात्यक्षिक परीक्षा १५० गुणांची. तीन रचनांचे ९०, स्केल्सचे २१, समोर ठेवलेलं नवं नोटेशन वाचून वाजवण्याचे, म्हणजे साइट-रीडिंगचे २१ आणि कानाच्या चाचणीचे १८. पास व्हायला १०० पुरतात आणि प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागत नाही. म्हणजे वर्षभर तीनच रचना घोटल्या, साइट-रीडिंगमध्ये जेमतेम काही केलं, तरी प्रमाणपत्र घरी येतं. २०२० पासून याच मंडळाने चार रचनांचा व्हिडिओ पाठवून देण्याची परीक्षाही सुरू केली, त्यात साइट-रीडिंग नाहीच. ट्रिनिटीत पाचव्या ग्रेडपर्यंत पूरक चाचण्यांपैकी कोणत्याही दोन निवडता येतात, म्हणजे वाचन टाळता येतं. मंडळांचा यात दोष नाही, त्यांनी पर्याय दिले. आपण त्यातला सगळ्यात सोपा उचलला आणि त्यालाच शिक्षण म्हणू लागलो.

मागे एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलगी तेरा-चौदा वर्षांची, फायलीत चौथ्या ग्रेडचं डिस्टिंक्शन, प्लॅस्टिकच्या कव्हरात. माझ्याकडे एक जुना कीबोर्ड आहे. मुलीने परीक्षेतली रचना वाजवली, छान वाजवली. मग मी तिच्यासमोर चार ओळींची अगदी सोपी चाल ठेवली, दुसऱ्या ग्रेडच्या मुलाला यावी अशी. तिने आधी पेन्सिल मागितली. प्रत्येक स्वराखाली बोटाचा आकडा लिहिल्याशिवाय तिला हात ठेवता येत नव्हता. तिच्या परीक्षेच्या पुस्तकातही तसेच आकडे होते, एक, तीन, पाच, दोन, पानभर. आई म्हणाली, "सरांनी सांगितलं, परीक्षेत रीडिंगला फार गुण नसतात." मुलगी खाली बघत होती. तिचा यात काय गुन्हा?

पालकांनो, जरा स्पष्ट बोलते. आठ वर्षांच्या पोराला वर्षाला दोन ग्रेड करायला लावणं हा तुमचा हट्ट आहे, त्याची आवड नव्हे. शेजारच्या मुलाची तिसरी झाली म्हणून आपल्याची चौथी व्हायला हवी, ही ईर्ष्या पियानोवर काढू नका. 'एवढे पैसे घातले' हे वाक्य तर मुलासमोर उच्चारूच नका. पैसे तुम्ही घातले, त्याने मागितले नव्हते. आणि तुमच्यापैकी कितीजण स्वतः पेटी, बासरी, काही म्हणजे काही शिकायला बसलात? मूल रोज अर्धा तास वाजवत असेल आणि परीक्षा न देता दोन वर्षं गेली, तर आभाळ कोसळत नाही.

नेहमीच्या वाटा चटकन सांगून मोकळी होते. हिंदुस्थानी संगीताकडे कल असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या परीक्षा आहेत, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. पाश्चात्त्य संगीतासाठी पणजीची कला अकादमी आणि चेन्नईचं के. एम. म्युझिक कन्झर्व्हेटरी पाहावं. साउंड इंजिनिअरिंग हा चांगला व्यवसाय आहे, पण त्यातही स्वर वाचता न येणारा मागे पडतो. रिॲलिटी शोबद्दल मला विचारू नका.

आता ज्या वाटेकडे कुणी बघत नाही ती. खाजगी शिकवणी. पियानो आणि थिअरी शिकवणं, लहानांना, मोठ्यांना, कुठल्याही पातळीवरच्या माणसाला. हे सांगितलं की पालकांचा चेहरा पडतो. "म्हणजे नुसती ट्यूशन?" होय, ट्यूशन. समजा तीस विद्यार्थी आणि महिन्याला दीड हजार फी, तर पंचेचाळीस हजार होतात. नगरमध्ये, स्वतःच्या घरात राहून. कितीतरी इंजिनिअर पुण्यात भाडं भरून एवढ्यावर सुरुवात करतात. मे महिन्यात आणि दिवाळीत विद्यार्थी गळतात, हेही त्या हिशेबात धरा.

विद्यार्थी कुठून येणार, हा पुढचा प्रश्न. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. इथल्या चर्चमध्ये इंग्रजी चालींची गीतं आली, मग रेव्हरंड ना. वा. टिळकांनी देशी चालीतली भजनं दिली. आजही उपासनेला वाजवणारा माणूस लागतो, आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या गीतपुस्तकात दोन ओळींत चार आवाज लिहिलेले असतात. ते वाचून वाजवणारे तरुण कमी होत चालले आहेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळांना संगीतशिक्षक हवे असतात. केंब्रिज आणि आयबी अभ्यासक्रमांत संगीत हा रीतसर विषय आहे, तिथे थिअरी शिकवू शकणाराच टिकतो. आणि सगळ्यात दुर्लक्षित गिऱ्हाईक म्हणजे मोठी माणसं. निवृत्त शिक्षिका, बँकेतले कारकून, भजनी मंडळातले पेटीवाले.

पेटीवाल्याला थिअरी शिकवणं ही काय चीज आहे, ते बघण्यासारखं असतं. त्याचा हात तयार असतो, कान तयार असतो. तो म्हणतो, "बुवा काळी दोनमध्ये गातात, बाई काळी चारमध्ये." त्याचा सा त्या पट्टीबरोबर सरकतो. स्टाफ नोटेशनमध्ये मात्र प्रत्येक रेषेवरचा स्वर ठरलेला. पांढरी एक म्हणजे सी, मग गाणं कुठल्याही पट्टीत असो. नवखा शिक्षक इथे सा म्हणजे सी असं सांगून टाकतो आणि पुढचं सगळं बिघडतं, कारण काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा सा जी शार्पवर असतो. जाणता शिक्षक त्याच पेटीवर एक चाल आधी पांढरी एकमध्ये, मग पांढरी चारमध्ये वाजवायला लावतो आणि कोणती काळी पट्टी नव्याने लागली ते शोधायला सांगतो. ती असते काळी पाच. मग एफ मेजरमध्ये बी फ्लॅट का येतो, हे पाठ करावं लागत नाही, पेटीवाल्याने ते आपल्या बोटांनी शोधलेलं असतं. असं शिकवायला दोन्ही पद्धती माहीत हव्यात. पुण्या-मुंबईहून शिकून आलेल्या कितीतरी पियानिस्टांना आपली पट्टी कळत नाही, आणि विशारद झालेल्यांना रेषा वाचता येत नाहीत. ज्याला दोन्ही येतं, त्याला नगर जिल्ह्यात काम कमी पडणार नाही.

वाचता येण्याने पोट भरतं, याचा दाखला हवा तर हिंदी सिनेमाकडे बघा. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथली माणसं मुंबईला आली आणि संगीतकारांच्या चाली कागदावर उतरवून वाद्यवृंद उभा करू लागली. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंद बांधत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. गावच्या शाळेत घोटून घेतलेलं वाचन त्यांना जन्मभर पुरलं.

फौजेत जाणाऱ्यांचा जिल्हा आपला, म्हणून आणखी एक. नौदल आणि हवाईदल अग्निवीर योजनेत दहावी झालेल्यांमधून वादक घेतात. हवाईदलाच्या वाद्यांच्या यादीत कीबोर्ड आणि पियानोही आहे, आणि उमेदवाराला कुठल्या तरी पद्धतीचं नोटेशन यावं लागतं. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, हे लक्षात ठेवूनच अर्ज करा. पियानो ट्यूनिंगचाही विचार करा. एका पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात, त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा. नगरच्या कोरड्या मे महिन्यात आतलं लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि वाद्य बेसूर होतं. ट्यूनर बहुधा पुण्या-मुंबईहूनच बोलवावा लागतो.

घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर सुरुवातीला चालेल. दोन-तीन वर्षांनी मूल टिकलं तर ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, त्याआधी नको. हलक्या पट्ट्यांवर तयार झालेल्या बोटांना खऱ्या पियानोवर जोर पुरत नाही. मुलांनो, रोज पाच मिनिटं काहीतरी नवं, न ऐकलेलं वाचून वाजवा, आपल्या पातळीपेक्षा दोन ग्रेड सोपं. अडखळलात तरी न थांबता पुढे जा. शिकवायचं मनात असेल तर बारावीनंतर शेजारच्या लहान मुलाला फुकट शिकवून पाहा. सहा महिन्यांत कळेल की आपल्याकडे धीर आहे की नाही. नसेल तर हा व्यवसाय तुमचा नव्हे, मग वाजवता कितीही येवो.

या जूनमध्ये क्लासची फी भरण्याआधी शिक्षकाला एवढंच विचारा, वर्षभराने माझं मूल कधीही न पाहिलेलं काय वाचून वाजवू शकेल? उत्तरादाखल त्यांनी प्रमाणपत्रांची भिंत दाखवली, तर चप्पल घाला आणि घरी या.