तळघरातील पंप आणि रोहिणीतील तपासणी

परळ-दादरच्या सखल पट्ट्यात ज्यांची वस्ती आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको की, मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरहून मोठी भरती ही दोन्ही एकाच वेळी आली म्हणजे समुद्रात उघडणाऱ्या पर्जन्यवाहिन्यांना पाणी टाकण्यास वाव उरत नाही, आणि तुंबलेले पाणी उतार सापडेल तिकडे, अर्थात तळघरांकडे, धाव घेते. ब्रिटिश अमदानीतील या वाहिन्यांची रचना तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने झालेली होती. २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे तळघरातील पंपाचा बंदोबस्त किती गांभीर्याने करावयास हवा याची कल्पना येईल.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या तळघरात, मोटारी उभ्या करण्याच्या जागेच्या कोपऱ्यात, पाणी साठण्यासाठी खड्डा असून त्यात दोन सबमर्सिबल पंप बसविलेले आहेत. एका जुलैत ऐन भरतीच्या वेळी रात्रपाळीचा वॉचमन धावत वर आला आणि म्हणाला, "साहेब, पंप चालू आहे, पण पाणी चढतंच आहे." तळमजल्यावरील पॅनेलचा हिरवा दिवा लागलेला होता, पंपाची घरघर जिन्यापर्यंत ऐकू येत होती, आणि तरीही पाणी खड्ड्यातून ओसंडून मोटारींच्या चाकांशी पोहोचले होते. बांबूने गाळ ढवळावा म्हणून वॉचमन पाण्यात पाऊल टाकणार, इतक्यात आमच्या वायरमनने "अरे थांब!" म्हणून त्याचा दंड धरला आणि मला म्हणाला, "आवाजावर जाऊ नका साहेब, पाइपाचं तोंड बघा." बाहेर गटारापाशी पाहिले तो पाइपातून करंगळीएवढी धार पडत होती. मे महिन्यात रस्त्यावरील वीजवाहिनीची दुरुस्ती झाली तेव्हा तीन फेजचा क्रम उलटला होता आणि पंप तेव्हापासून उलटा फिरत होता. वायरमनने मेन स्विच बंद करून पॅनेलमधील दोन तारांची अदलाबदल केली, आणि पाइप भरून वाहू लागला. दुसऱ्या पंपाचा फ्लोट, म्हणजे पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच, त्याच्याच केबलच्या वेटोळ्यात अडकलेला होता, हे पाणी ओसरल्यावर दिसले.

या प्रसंगातून जे शिकावयास मिळाले त्यात अग्रक्रम मनुष्याच्या जिवाला आहे. तळघरात पाणी असताना कोरड्या जागेवरून वीज तोडल्याखेरीज कोणीही आत उतरू नये, आणि स्विच गाठण्यास पाण्यातूनच जावे लागत असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्यावा. भाड्याचा जनरेटर तळघरात कदापि चालवू नये, कारण त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. पंप साखळीने वर ओढावा, केबलने ओढू नये. आणि गाळाच्या बंदिस्त खड्ड्यातील हवा घातक असू शकते, म्हणून सफाईसाठी कोणा गरिबाला आत उतरविण्याचा हुकूम कोणीही देऊ नये. पंपाची मोटार जळाली तर दुसरी मिळते.

दोष शोधताना विजेपासून पाइपाच्या तोंडापर्यंत क्रमाने जावे. पंप मुळीच सुरू होत नसेल तर प्रथम ट्रिप झालेला स्विच, मग ओव्हरलोड रिले आणि त्यानंतर फ्लोट पाहावा. नुसता गुणगुणत असेल तर तत्काळ बंद करावा, अन्यथा वाइंडिंग जळते: इम्पेलरमध्ये चिंधी किंवा प्लास्टिक अडकलेले असते, सिंगल फेजच्या पंपाचा कपॅसिटर गेलेला असतो, अथवा तीनपैकी एक फेज नाहीशी झालेली असते. पंप फिरतो पण पाणी फेकत नाही, अशा वेळी तळाची जाळी, फिरण्याची दिशा आणि पाइपात कोंडलेली हवा तपासावी. क्षणाक्षणाला चालू-बंद होत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असून उपसलेलेच पाणी खड्ड्यात परत येत असल्याचा संभव असतो. शेवटी पाइपाचे तोंड पाहावे. ते गटाराच्या पाण्याखाली बुडत असेल तर पाइपाला रस्त्याच्या पूररेषेहून उंच वळसा देण्याची तजवीज करावी.

मृग लागण्यापूर्वी, रोहिणी नक्षत्रातच, खड्ड्यात प्रत्यक्ष पाणी सोडून परीक्षा घ्यावी. केवळ बटण दाबून पंपाचा आवाज ऐकणे ही परीक्षा नव्हे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा तळघरात उतरणाऱ्या १०० चौरस मीटरच्या उतारावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर मिनिटाला सुमारे ८३ लिटर पाणी खाली येणार. खड्डा एक मीटर लांब व एक मीटर रुंद असेल तर पातळी १० सेंटीमीटर उतरणे म्हणजे १०० लिटर उपसा. त्याला एक मिनिट लागले तर पंप पुरेसा आहे, दोन मिनिटे लागली तर तो अपुरा आहे. प्रत्येक पंपाची अशी स्वतंत्र नोंद, तारखेनिशी, संस्थेच्या दप्तरी ठेवावी, आणि वीजवाहिनीची दुरुस्ती झाल्यावर ती परीक्षा पुन्हा घ्यावी. तेवढेच पाणी उतरावयास गतवर्षीपेक्षा अधिक वेळ लागला, तर पंप झिजला किंवा पाइप तुंबला हे पावसाआधीच कळेल आणि दुरुस्तीला अवधी हाती राहील.