संगणकीय आरेखनाची फाइल : कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगातील एक पाठ

कोल्हापूर शहरातील शिवाजी उद्यमनगर, तसेच शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहती मिळून या परिसरात शेकडो ओतशाळा, म्हणजेच फाउंड्री, काम करीत आहेत. उसाचे चरक, शेतीपंप आणि तेलावर चालणारी इंजिने यांच्या दुरुस्तीतून येथील यंत्रकामाला बळ मिळाले. पुढे मोटारी, ट्रॅक्टर, पंप व झडपा यांचे ओतीव भाग येथून देशात आणि परदेशातही जाऊ लागले. जुन्या पिढीतील मेस्त्री वस्तू हाती घेऊन, ती खोलून, मोजून तिच्यासारखी दुसरी घडवीत असत. बाबूराव पेंटर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याच गावात सिनेकॅमेरा तयार केला, तो याच वृत्तीचा एक आविष्कार होय.

त्या काळी कारागिरासमोर नमुना असे. नमुन्यावरून लाकडी पॅटर्न बने आणि पॅटर्नवरून वाळूचा साचा. आज बहुतेक वेळा नमुना येतच नाही. येते ती संगणकावर काढलेल्या आरेखनाची फाइल. पॅटर्न, कोअरपेटी, यंत्रण आणि तपासणी ही सर्व कामे त्या एका फाइलीच्या आधारे चालतात. त्यामुळे फाइल तयार करणे आणि फाइल उघडणे या दोन वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या क्रियांना उत्पादनात मोठे महत्त्व आले आहे. आरेखनाच्या वर्गात विद्यार्थ्याला रेषा, वर्तुळ, चाप काढण्यास तत्परतेने शिकविले जाते. फाइलीचा विषय मात्र पहिल्या दहा मिनिटांत आटोपतो. हा क्रम बदलणे अगत्याचे आहे.

नस्ती आणि फाइल

शासकीय कार्यालयातील वाचकांना येथे नस्तीचे उदाहरण उपयोगी पडेल. नस्ती एकच असते. ती कोणाच्या मेजावर आहे हे आवक-जावक नोंदीवरून कळते, तिच्या पानांना क्रमांक असतात आणि टिप्पणीखाली स्वाक्षरी असते. संगणकावरील फाइलीचे तसे नाही. ती पाठविणाऱ्याकडे राहते आणि घेणाऱ्याकडेही पोहोचते. तीन जणांना पाठविली की चार फाइली होतात, आणि चारही दिसायला सारख्याच. त्यांपैकी एकीत कोणी भोकाचा व्यास दोन मिलिमीटरने वाढविला, तर उरलेल्या तिघींना त्याचा पत्ता नसतो. नस्तीला जी शिस्त कागदाच्या स्वभावाने लाभते, ती फाइलीला माणसाने लावावी लागते.

नवी फाइल तयार करताना

१९८२ साली बाजारात आलेली ऑटोकॅड ही आज्ञावली आपल्याकडे सर्वाधिक परिचित आहे; म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. नवी फाइल मागितली की ही आज्ञावली प्रथम टेम्प्लेट, म्हणजे पूर्वतयार कोरा तक्ता, विचारते. तिच्यासोबत येणाऱ्या तक्त्यांपैकी ‘अकॅड’ हा इंचांसाठी आहे आणि ‘अकॅड-आयएसओ’ हा मिलिमीटरसाठी. घाईत पहिलाच तक्ता निवडला तरी पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही. रेषा ४०० एककांची काढली की ती ४०० एककांचीच राहते. ते एकक कोणते, हे रेषा सांगत नाही. ही फाइल दुसऱ्या आरेखनात घातली जाते तेव्हा मात्र चूक उघडी पडते. मापे जुळवून घेण्याची सोय आज्ञावलीत आहे, पण ती फाइलीत नोंदलेल्या एककावर विसंबते. नोंद इंचांची आणि काम मिलिमीटरचे असेल, तर भाग २५.४ पट मोठा होऊन येतो. इतकी ढोबळ चूक नजरेत भरते, हे सुदैवच. काही चुका एवढ्या ठळक नसतात. त्यांचा विचार पुढे केला आहे.

नवी फाइल जन्मतःच ‘ड्रॉइंग १’ असे नाव घेऊन येते. पहिली रेषा काढण्यापूर्वीच तिला योग्य नाव देऊन ती जतन करावी. नावात भागाचा क्रमांक, फाइलीचा प्रकार आणि सुधारणेचे अक्षर एवढे असले की पुरे. ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’, ‘साहेबांनी पाहिलेले अंतिम’ अशी नावे अनेक संगणकांवर आढळतात. त्यांतील खरे अंतिम कोणते, हे नाव देणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही. सुधारणा झाल्यावर अक्षर पुढे सरकवावे, जुनी फाइल ‘जुनी’ या वेगळ्या कप्प्यात हलवावी आणि काय बदलले याची एक ओळ आरेखनाच्या शीर्षकचौकटीत लिहावी.

प्रकाराची नोंद का हवी

ओतकामात फाइलीच्या प्रकाराची नोंद सर्वांत निकडीची असते. वितळलेले लोखंड थंड होताना आकसते. करड्या बिडाच्या बाबतीत हे आकुंचन साधारण शेकडा १ धरले जाते. पोलादाच्या बाबतीत ते सुमारे दुप्पट असते. म्हणून पॅटर्न हा मूळ भागापेक्षा तेवढ्या प्रमाणात मोठा करावा लागतो. पूर्वीच्या पॅटर्नमेकरकडे यासाठी खास मोजपट्टी असे. तिच्यावरील प्रत्येक खूण आकुंचनाइतकी वाढवून कोरलेली असल्यामुळे वेगळा हिशेब करावा लागत नसे. पट्टी हाती घेतली, की ही पॅटर्नची मापे आहेत, हे कारागिराला आपोआप कळे.

संगणकावर ही पट्टी नाहीशी झाली. तेथे संपूर्ण आकृतीला १.०१ ने गुणले, की पॅटर्नची आकृती तयार होते. उदाहरणादाखल, पंपाच्या आवरणावरील दोन भोकांच्या मध्यांतील अंतर ४०० मिलिमीटर आहे असे समजू. पॅटर्नच्या फाइलीत ते ४०४ होईल. आता हीच फाइल सहा महिन्यांनी दुसऱ्या आरेखकाने उघडली आणि ती मूळ भागाची आहे अशा समजुतीने पुन्हा १.०१ ने गुणली, तर अंतर ४०८.०४ होते. त्या पॅटर्नवरून निघालेला ओतीव भाग थंड झाल्यावर ४०४ मिलिमीटरचा भरेल. उलट बाजूने, मूळ भागाचीच फाइल पॅटर्नची समजून थेट यंत्रावर चढविली, तर ओतीव भाग सुमारे ३९६ मिलिमीटरचा येईल. दोन्ही वेळा आकृती पडद्यावर निर्दोष दिसते. चार मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. तो जाणवतो यंत्रणाच्या वेळी, जेव्हा एका भिंतीवर तासण्यापुरते लोखंड उरत नाही किंवा कोअरने पाडलेले भोक जागेवर येत नाही. तोवर पॅटर्न तयार झालेला असतो आणि भट्टीची वीज खर्ची पडलेली असते. असे भाग पुन्हा भट्टीतच जातात. लहान कारखानदाराला एवढा एक घाणा फुकट जाणे पुष्कळ महाग पडते.

यंत्रणासाठी ठेवायची जादा जाडी आणि पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून दिलेला उतार यांचेही असेच आहे. म्हणून भागाची, ओतीव भागाची आणि पॅटर्नची अशा तीन स्वतंत्र फाइली ठेवणे आणि पॅटर्नच्या फाइलीत ‘आकुंचन १ टक्का समाविष्ट’ असे ठळक लिहिणे हा साधा उपाय आहे. त्याला पैसा लागत नाही.

फाइल उघडताना

दुसऱ्याकडून आलेली फाइल प्रथम ‘केवळ वाचनासाठी’ उघडावी. ऑटोकॅडमध्ये उघडण्याच्या खिडकीतच तशी सोय आहे. त्यामुळे चुकून हललेली रेषा मूळ फाइलीत जतन होत नाही. त्यानंतर एखादे ठाऊक असलेले माप घेऊन पाहावे. शीर्षकचौकटीत एकूण लांबी ४०० लिहिलेली असेल, तर आकृतीवर प्रत्यक्ष मोजून ती ४०० भरते का, एवढे पाहिले तरी एकक आणि आकुंचन या दोन्हींची परीक्षा होते. लिहिलेला आकडा हाताने बदललेला असू शकतो. आकृती मोजल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवू नये.

फाइल उघडलीच नाही, तर ती बिघडली असे लगेच मानू नये. पुष्कळदा ती नव्या आवृत्तीत जतन केलेली असते आणि उघडणारी आज्ञावली जुनी असते. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलीची एक प्रत साध्या मजकूर-संपादकात उघडली, तर अगदी आरंभी ‘एसी’ ही दोन रोमन अक्षरे आणि चार अंक दिसतात. १०१५ म्हणजे २००० सालची रचना, १०१८ म्हणजे २००४ ची, १०२१ म्हणजे २००७ ची, १०२४ म्हणजे २०१० ची, १०२७ म्हणजे २०१३ ची आणि १०३२ म्हणजे २०१८ ची. बाकीचा मजकूर अगम्य असतो, पण ही सहा अक्षरे पाहून पाठविणाऱ्याला ‘अमुक सालच्या रचनेत जतन करून पाठवा’ असे नेमके कळविता येते. ‘फाइल उघडत नाही’ या निरोपापेक्षा हा निरोप दोन दिवस वाचवितो.

फाइल खरोखरच खराब झाली असेल, तर ‘बॅक’ हे शेपूट असलेली पूर्वीची प्रत त्याच कप्प्यात बहुधा सापडते. तिचे शेपूट ‘डीडब्ल्यूजी’ असे बदलले की ती उघडते. वीज वारंवार जाणाऱ्या भागात ही माहिती प्रत्येक आरेखकाला असणे आवश्यक आहे.

मराठी मजकुराची अडचण निराळी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या टंकांत लिहिलेली गावांची व गटांची नावे, तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात उमटतात. आकृती शाबूत, पण नावे हरवलेली, असे जुने नकाशे कार्यालयांत पाहावयास मिळतात. नवे काम युनिकोडमध्येच करणे, हा त्यावरचा मार्ग होय.

आवृत्तीभेदाचा फटका केवळ लहान कारखान्यांनाच बसतो असे नाही. एअरबस कंपनीच्या ए-३८० या महाकाय विमानाचे काम २००६ साली रखडले, त्यामागे हेच एक प्रमुख कारण होते. हॅम्बुर्ग येथील आरेखक कॅटिया आज्ञावलीची चौथी आवृत्ती वापरीत होते आणि तूलूझ येथील पाचवी. दोहोंतील मापे नीट जुळली नाहीत आणि जर्मनीत तयार झालेल्या विजेच्या तारांचे जुडगे विमानात बसविताना आखूड पडले.

सर्वांना उघडेल अशी फाइल

एका कंपनीच्या आज्ञावलीवर विसंबून राहू नये म्हणून सामाईक स्वरूपे निर्माण झाली. सपाट आरेखनासाठी डीएक्सएफ आणि घन आकृतीसाठी स्टेप ही त्यांतील महत्त्वाची होत. स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १०३०३ असून ते प्रथम १९९४ साली प्रसिद्ध झाले. स्टेपमध्ये आकार पोहोचतो. तो आकार कोणत्या क्रमाने घडविला, हा इतिहास सामान्यतः पोहोचत नाही. त्यामुळे पुढे बदल करावयाचा असल्यास मूळ फाइलही जपावी लागते. त्रिमिती छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या एसटीएल फाइलीत तर एककाची नोंदच नसते. कोअर किंवा पॅटर्न छापून घेताना ‘मिलिमीटर’ हा शब्द सोबतच्या पत्रात लिहावा लागतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतनांतील शिक्षकांना फ्रीकॅड व लिब्रेकॅड या विनामूल्य आज्ञावल्या उपयुक्त ठरतील. विद्यार्थी त्या घरच्या संगणकावरही घेऊ शकतो. वर्गात एक प्रयोग अवश्य करावा. एका विद्यार्थ्याने फाइल तयार करावी, दुसऱ्याने ती वेगळ्या आज्ञावलीत उघडावी आणि तिसऱ्याने केवळ मोजून सांगावे की भाग तोच राहिला की नाही.

ग्रामपंचायतींचाही या विषयाशी संबंध येतो. नळपाणी योजना, शाळाखोल्या, रस्ते यांची आरेखने आता संगणकावर होतात, आणि काम संपल्यावर पंचायतीच्या हाती पुष्कळदा कागदी प्रत किंवा पीडीएफ तेवढी उरते. दहा वर्षांनी जलवाहिनी वाढवावयाची झाली, की नव्याने मोजणी सुरू होते. काम स्वीकारताना मूळ फाइल, तिची डीएक्सएफ प्रत आणि पीडीएफ अशा तिन्ही मागून घ्याव्यात. आरेखन मीटरमध्ये आहे की मिलिमीटरमध्ये, हे पावतीवरच लिहून घ्यावे.

या फाइली कोठे ठेवायच्या, याचा विचार कोल्हापूर जिल्ह्यात विशेष करावा लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत आणि नदीकाठच्या अनेक गावांत शिरले. तळमजल्यावरील संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील पेनड्राइव्ह ही दोन ठिकाणे नव्हेत. पाण्याच्या दृष्टीने ते एकच ठिकाण आहे. दुसरी प्रत उंचावरील वेगळ्या इमारतीत किंवा दूरस्थ साठ्यावर असावी, आणि पावसाळ्यापूर्वी ती एकदा प्रत्यक्ष उघडून, एखादे माप घेऊन पाहिलेली असावी.