शशादनाचा धडा
शिकवलेल्या पक्ष्याकडून शेतातील सशांची शिकार : तिचे गुण, तिच्या मर्यादा व आपणांस घेण्याजोगा बोध

संस्कृत कोशांत श्येन पक्ष्याच्या नावांत शशादन असे एक नाव आहे. शशादन म्हणजे सशास खाणारा. ह्या पक्ष्यास हातावर बसवून शिकार करण्याची विद्याही आपल्या देशास नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात श्येनविनोदाचे वर्णन केले आहे. परंतु तो राजाचा विनोद होता, कुणब्याचा उद्योग नव्हे. शिकवलेला पक्षी पिकाच्या राखणीस कितपत उपयोगी पडतो, हा प्रश्न निराळा असून त्याचा उत्तम अभ्यास इंग्लंडातील शेतांवर करिता येतो. कारण तेथे ससा हा शेतकऱ्याचा जुना वैरी आहे व शिकारी पक्षी पाळण्याची परंपराही अद्याप चालू आहे.

एका जीवाचा बंदोबस्त दुसऱ्या जीवाकडून करावा, ही कल्पना शेतकऱ्याच्या मनास फार लवकर पटते. पक्षी आणला, सोडला, उपद्रव संपला, असे सोपे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते कितपत खरे, हे आम्ही प्रस्तुत लेखात हिशेबाने तपासून पाहणार आहो.

ससा कोणता?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या माळरानात दिसणारा रानससा व इंग्लंडातील हा ससा एकाच जातीचे नव्हेत. आपला ससा बीळ करीत नाही. गवतात वा झुडपाच्या आडोशास दबून बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. इंग्लंडातील ससा मात्र जमिनीत बिळे करून टोळीने राहतो आणि त्याची पिल्ले जन्मतः उघडी व आंधळी असतात. पूर्वी तो त्या देशात नव्हता. त्याचे मूळ ठिकाण स्पेन व पोर्तुगाल. नॉर्मन लोकांच्या अमलात, बाराव्या शतकाच्या सुमारास, मांस व कातडी ह्यांकरिता तो तेथे आणून राखला गेला. आरंभी हे जनावर इतके नाजूक होते की, त्याच्यासाठी मातीचे उंचवटे रचून द्यावे लागत. ब्रेकलंड प्रांतातील रेताड जमिनीवर सशांची मोठमोठी राखीव राने होती. थेटफर्ड येथे सशांच्या राखणदाराचे दगडी घर अजून उभे आहे. म्हणजे आजचा चोर हा एके काळी पाहुणा म्हणून आणला होता, हे ध्यानात ठेवावे.

पुढे हा पाहुणा रानाबाहेर पसरला. कुळांची स्थिती तर अशी होती की, पीक आपले असूनही ते खाणाऱ्या सशास मारण्याचा हक्क बहुधा जमीनदाराकडे असे. १८८० सालच्या कायद्याने प्रत्यक्ष जमीन कसणारास आपल्या शेतातील ससे मारण्याचा हक्क मिळाला. १९५३ साली मिक्सोमॅटोसिस नावाचा सशांचा रोग त्या देशात शिरला आणि दोनतीन वर्षांत शेकडा ९९ ससे मेले. शेतकऱ्यांस वाटले, पीडा गेली. पण जे थोडे उरले त्यांच्या संततीत रोग सोसण्याची शक्ती आली, आणि ससे पुन्हा वाढले. १९९० नंतर रक्तस्रावाच्या आणखी एका रोगाने बऱ्याच भागांत त्यांची संख्या घटली आहे; तरी जेथे ते टिकून आहेत तेथे त्यांचा उपद्रव पूर्वीसारखाच आहे.

हा उपद्रव बांधाकडून आत सरकतो. शरद ऋतूत पेरलेला गहू कोवळा असता कुंपणालगतचा पट्टा कात्रीने कापावा तसा खुरटा दिसू लागतो. कडक थंडीत गवत मिळेनासे झाले की ससे लहान झाडांची सालही सोलतात.

पक्षी व त्याचे शिक्षण

सशावर सोडण्याजोगे पक्षी मुख्यतः दोन. पहिला बाज. ह्याचे पंख आखूड व शेपूट लांब असल्यामुळे तो झाडाझुडपांतून झपाट्याने वळतो. मादी नरापेक्षा मोठी. आपल्याकडील जुने शिकारी मादीस बाज व नरास जुर्रा म्हणत. युरोपात ह्यास स्वयंपाक्याचा पक्षी म्हणत असत, कारण घरात मांस आणून देण्यात ह्याचा हात कोणी धरीत नसे. मात्र स्वभाव तापट व भित्रा. दुसरा पक्षी हॅरिस हॉक. हा अमेरिका खंडातील असून रानात कुटुंबाने मिळून शिकार करतो; त्यामुळे माणसाशी व कुत्र्याशी त्याचे लवकर जुळते. गेल्या पन्नास वर्षांत इंग्लंडात ह्याचाच प्रसार अधिक झाला आहे. ह्याच्या मादीचे वजन सुमारे एक किलो भरते, तर पुरता वाढलेला ससा दीड किलोचा. म्हणजे पक्षी आपल्याहून जड भक्ष्यावर झडप घालतो. डोके न धरता मागचा भाग धरला तर सशाच्या लाथांनी त्यास इजा होण्याचा संभव असतो.

शिक्षणाचा क्रम असा. पक्ष्याच्या पायांत मऊ चामड्याच्या वाद्या बांधतात व घुंगरू अडकवतात. पाळणारा जाड हातमोजा घालून त्यास दररोज कित्येक तास हातावर वागवतो. माणसे, कुत्री, गाड्या ह्यांची भीती मोडते. पक्षी हातावर बसून निर्धास्तपणे मांस खाऊ लागला की पहिली पायरी झाली. मग तो थोड्या अंतरावरून उडी मारून हातावर येतो. पुढे लांब दोरी बांधून हे अंतर वाढवत नेतात. आणि खात्री पटली म्हणजे दोरी काढतात. ह्या सर्वाचे मर्म तराजूत आहे. पक्ष्यास दररोज तोलतात. पोट भरलेला पक्षी झाडावर जाऊन बसतो व हाकेस ओ देत नाही. फार उतरलेला पक्षी दुबळा होऊन मरतो. ह्या दोहोंमधले वजन प्रत्येक पक्ष्याचे निराळे असते व ते अनुभवानेच सापडते. मारून वा धाक घालून ह्या पक्ष्यास काहीच शिकवता येत नाही. बैल चाबकाने चालेल. ससाणा केवळ आपल्या लाभासाठी परत येतो.

शेतातील दिवस

शिकारीस निघण्यापूर्वी जमीनमालकाची परवानगी घ्यावी लागते. पक्षीही बंदिस्त जागी जन्मलेला असावा लागतो. रानातून धरण्यास कायद्याने मनाई आहे. हिवाळ्यात झुडपांची पाने गळाली म्हणजे बिळे उघडी पडतात. बिळात फेरेट सोडतात. फेरेट म्हणजे लांबट अंगाचा, आखूड पायांचा, मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी. त्याचा वास येताच ससा दुसऱ्या तोंडाने बाहेर उसळतो आणि त्याच क्षणी हातावरील पक्षी झेपावतो. ससा पुढच्या बिळात शिरण्यास काही पळांचाच अवकाश असतो. पुष्कळ झडपा फुकट जातात. ससा सापडला तर पाळणारा धावत जाऊन त्याची मान मोडून त्यास तत्काळ मारतो व पक्ष्यास मांसाचा तुकडा देऊन हातावर घेतो. पक्ष्यास भरपेट खाऊ घातले की त्या दिवसाची शिकार संपते. दिवसाकाठी दोनचार ससे मिळाले तर दिवस चांगला गेला असे सामान्यतः समजतात.

हिशेब

आता मुख्य प्रश्न. सशाची मादी सुमारे एक महिना गाभण राहते व जानेवारीच्या सुमारापासून ऑगस्टपर्यंत अनेक वेळा विते. दर वेतास तीन ते सात पिल्ले होतात. ह्यांतील बहुतेक मरतात. तरी वाढीचा वेग केवढा आहे हे उदाहरणाने पाहू. पुढील आकडे आम्ही केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, नोव्हेंबराच्या आरंभी एका शेतात १०० ससे आहेत. पैकी ५० माद्या. प्रत्येक मादीची वर्षाकाठी ६ पिल्ले जगतात असे धरू आणि मोठ्यांचे मरण व बाहेरून येणारे ससे सोडून देऊ. काहीच उपाय न केल्यास पुढील शरदात ३०० पिल्ले मिळून ४०० ससे होतील.

आता आठवड्यातून दोन दिवस पक्षी आणला व दर दिवशी २ ससे धरले. नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर १७ आठवड्यांत ६८ ससे निघाले. उरले ३२, त्यांत माद्या १६, त्यांची पिल्ले ९६. एकूण १२८. म्हणजे चार महिने खपूनही पुढील वर्षी ससे मूळच्या शंभरांहून अधिकच!

हेच ६८ ससे हिवाळ्यात न मारता वीण संपल्यावर मारले असते तर? ४०० तून ६८ वजा जाता ३३२ उरले असते. काम तेवढेच, फळ मात्र फार थोडे. हिवाळ्यात मारलेली एक मादी म्हणजे न जन्मलेली सर्व पिल्ले होत. म्हणून नोव्हेंबर ते मार्च हाच बंदोबस्ताचा खरा काळ. सुदैवाने पक्ष्याचाही हाच काळ आहे. उन्हाळ्यात तो जुनी पिसे टाकून नवी धरतो व तेव्हा त्यास विश्रांती द्यावी लागते.

आणि पक्ष्याने ६८ धरल्यावर फेरेट व जाळी ह्यांच्या साहाय्याने आणखी २० ससे काढले तर? उरले १२, माद्या ६, पिल्ले ३६. एकूण ४८. म्हणजे शंभराचे अर्ध्याहून कमी झाले. ते शेवटचे २० काढणे हेच निर्णायक ठरले. ह्यापुढे शेजारच्या रानातून नवे ससे येऊ नयेत म्हणून कुंपण हवे. सुमारे ३१ मिलिमीटर भोकांची तारेची जाळी जमिनीवर ९० सेंटिमीटर उंच ठेवून तिचा खालचा १५ सेंटिमीटर भाग सशांच्या बाजूस वळवून दाबून टाकतात. ससा जाळीच्या बुडाशी उकरू लागतो आणि त्यास पुन्हा जाळीच लागते. हा उपाय खर्चाचा खरा, पण रात्रंदिवस जागा राहतो.

निष्कर्ष असा की, पक्षी एकटा शेत राखीत नाही. तो अनेक उपायांतील एक आहे. बंदूक जेथे चालवता येत नाही, अशा वस्तीजवळच्या वा गुराढोरांच्या जागी तो फार उपयोगी. तो मातीत विष ठेवीत नाही. ज्यास धरतो त्याखेरीज इतरांस इजा करीत नाही. उलट, त्यास बारा महिने मांस, निवारा व एका जाणत्या माणसाचा रोजचा वेळ लागतो. म्हणूनच तेथील शहाणा शेतकरी स्वतः पक्षी पाळण्याच्या भरीस न पडता अनुभवी पाळणारास आपल्या शेतात बोलावतो आणि आपले द्रव्य कुंपणास लावतो.

आपणांस बोध

कोणी वाचक म्हणेल, आपणही एखादा शिक्रा धरून शिकवावा काय? त्यास आमचे स्पष्ट उत्तर : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारी पक्षी धरणे व रानससा मारणे हे दोन्ही गुन्हे आहेत. शिवाय त्याचे कारणही नाही. आपल्या सशास बीळ नाही, त्याची टोळी नाही. कोवळ्या हरभऱ्याचे वा भुईमुगाचे शेंडे तो खातो, पण त्यास चांगले कुंपण पुरते. आपला खरा चोर उंदीर आहे, आणि त्यावर निसर्गाने न शिकवलेला, न पाळलेला, बिनपगारी राखणदार नेमून ठेवला आहे. तो म्हणजे गव्हाणी घुबड. उंदीर हेच त्याचे मुख्य अन्न. त्यास वाद्या नकोत, तराजू नको. बांधावरील जुने ढोलीचे झाड, पडक्या वाड्यातील कोनाडा व शेतात रात्री बसण्यास एखादा उंच खांब, एवढेच त्याचे मागणे.

पण आपण काय करतो? अपशकुनी म्हणून त्यास दगड मारतो. ढोलीचे झाड सरपणासाठी तोडतो. आणि रक्त गोठू न देणारी विषे घालून उंदीर मारतो. असा विषारी उंदीर मरण्यापूर्वी काही दिवस अडखळत फिरतो व घुबडास प्रथम तोच सापडतो. विष उंदराच्या पोटातून राखणदाराच्या पोटात जाते. चोरासाठी ठेवलेल्या अन्नाने पहारेकरी मेला, तर पुढील हंगामात चोरास मोकळे रानच मिळाले म्हणावयाचे. म्हणून विष घालणे भागच पडले तर ते बिळात घालावे, उघड्यावर टाकू नये. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावे. आणि पिंजरे व बिळे खणणे ह्या उपायांस आधी अवसर द्यावा.

इंग्लंडातील पाळणारा आपल्या पक्ष्यास रोज तोलतो, कारण तो न परतला तर आपलेच नुकसान, हे तो जाणतो. आपल्या बांधावरील पक्ष्यास कोणी तोलीत नाही, म्हणून तो कधी नाहीसा झाला हेही आपल्या ध्यानात येत नाही. ह्या हंगामात पेरणीपूर्वी प्रत्येक शेतकरी बंधूने आपल्या बांधावरून एकदा फिरून यावे आणि घुबडास बसावयास व राहावयास किती जागा उरल्या आहेत त्या मोजाव्या. एकही न आढळल्यास विषाची पुडी आणण्यापूर्वी एक खांब पुरावा, अशी आमची विनंती आहे.