टँक मॉडेलचे पट्टे विकताय? आधी एक बाजू पूर्ण जोडा

सोलापुरात घरी रेझिन प्रिंटर घेऊन टँक मॉडेलचे फिरते पट्टे बनवायचे, चालेल का? चालेल. अस्सल रणगाडे बघायला अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियमही आहे. पण एक कडी छान निघाली म्हणून लगेच ऑर्डर घेऊ नका.

शर्मन रणगाड्याला एका बाजूला 79 कड्या. 1/35 मापात कडीची लांबी साधारण 4.35 मिमी. रेझिन पक्कं होताना आकसतं. प्रत्येक कडी फक्त 0.03 मिमी कमी भरली, तरी पट्टा 2.4 मिमी आखूड! एक कडी वाढवली तर सैल, नाही वाढवली तर चढत नाही. अर्धी कडी कुठून आणणार? सेट परत येतो, कुरिअर आपल्या माथी.

म्हणून पिना घालून पूर्ण बाजू जोडा, चाकांवर फिरवून बघा, मगच फाईलचं माप वाढवा. आणि खर्च 158 कड्यांचा धरा, वर तुटणाऱ्या दहा-बारा.